जुन्या रिळांतले पैलवान

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जो स्टेकर आणि अर्ल कॅडॉक यांच्या कुस्तीच्या फिल्मवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही आज घेतो. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ३० जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ही लढत झाली, दोन तास पाच मिनिटं चालली आणि स्टेकर जागतिक अजिंक्यवीर झाला. त्या फिल्मचा वीस-पंचवीस मिनिटांचा भाग आज पाहायला मिळतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचं एवढं जुनं आणि एवढं सलग चित्रण दुसरं क्वचितच सापडेल.

तुम्ही मिरजेच्या तालमीत घाम गाळलेले. निकाल आधी ठरलेल्या कुस्त्यांचं कौतुक तुमच्या लेखणीतून वाचून वाईट वाटलं. आमच्या फडात नुरा कुस्ती झाली तर लोक दोघांनाही हाकलून लावतात.
— एक वाचक, बार्शी

हाकलायलाच हवं. इनामाची म्हणून कुस्ती लावायची आणि आतून संगनमत करायचं, ही फडाशी बेइमानी आहे. त्याबाबतीत मी तुमच्याच बाजूचा.

पण या फिल्म मी निकालासाठी पाहत नाही. कोण जिंकलं ते त्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. मी पाहतो ती पकड. वरच्याने वजन नेमकं कुठे टाकलंय, खालचा श्वास कधी घेतो, आणि ज्या हाताला त्या क्षणी काही काम नाही तो हात काय करतोय. आमचे वस्ताद कट्ट्यावर बसून हेच बघायचे. मोकळा हात ढिला पडला की ओरडायचे. ही नजर एकदा बसली की ती ठरवलेल्या लढतीतही तितकीच चालते, कारण तिथे ढिलाई लपत नाही. खोटी पकड कॅमेऱ्यात लगेच दिसते.

स्टेकर हा नेब्रास्कातल्या डॉज गावचा शेतकऱ्याचा पोर. त्याचा हुकमी डाव पायांची कैची. धान्याची पोती मांड्यांत धरून फुटेपर्यंत दाबायचा आणि त्यातून पाय कमावले, अशी त्याची कथा सांगतात. कथा खरी असो नसो, फिल्ममधले ते लांब पाय पाहिले की ती का सांगत असावेत ते कळतं. कॅडॉक अंगाने त्याच्याहून लहान. त्याला ‘हजार डावांचा माणूस’ म्हणायचे. १९१७ मध्ये ओमाहात त्याने याच स्टेकरला हरवून अजिंक्यपद घेतलं, मग तो सैन्यात गेला, फ्रान्सच्या आघाडीवर विषारी वायूने त्याची फुप्फुसं बाधली, आणि ती फुप्फुसं घेऊन तो परत आखाड्यात उतरला.

आता हे लक्षात ठेवून ती फिल्म बघा. स्टेकरचे पाय कमरेला पडतात तेव्हा कॅडॉक झटापट करत नाही. तो थांबतो, कोपर आणि गुडघे रोवतो, हाताने स्टेकरच्या घोट्यांची गाठ चाचपतो, आणि मग इंच-इंच अंग वळवायला लागतो. वरचा तितक्याच सावकाश वजन सरकवून ती वळण्याची जागा बुजवतो. कुणाला घाई नाही. प्रेक्षकांकडे तर दोघेही बघत नाहीत. शेवटी कैचीला मनगटाच्या मुरगळीची जोड मिळते आणि कॅडॉकची पाठ लागते. ही लढत आधी ठरलेली होती असं बहुतेक अभ्यासक मानतात. मानू द्या. ती घोट्यांची गाठ शोधणारी बोटं कुणी ठरवून दिली नव्हती, ती तालमीतूनच आलेली आहेत. मी त्यांचं कौतुक केलं आणि पुन्हा करीन.

निवृत्त शिक्षक आहे. नातू जुन्या कुस्त्या शोधून लावून देतो. जुन्या चित्रणांतून नव्याने पुढे आलेली, चुकवूच नये अशी कुणाची कामगिरी? आणि आंद्रे द जायंट आम्ही मुलांच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. तो तर जागचा हलतही नव्हता. त्याचं एवढं नाव कशामुळे झालं?
— एक वाचक, बेळगाव

गुरुजी, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच देशात आहे: फ्रान्स.

फ्रेंच लोक या कुस्तीला ‘कॅच’ म्हणतात. पन्नास आणि साठच्या दशकांत तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीवर कॅच नियमित दिसायचं. रॉजर कुडेर्क त्याचं समालोचन करायचा, जो पुढे रग्बीचा आवाज म्हणून देशभर ओळखला गेला. १९७५ पासून फ्रान्सची राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्था, म्हणजे इना, हा सगळा साठा सांभाळते आहे. कित्येक दशकं ही रिळं कपाटात होती. फ्रान्सबाहेरच्या कुस्तीशौकिनांना त्यातली चार नावंही धड ठाऊक नव्हती. व्यावसायिक कुस्तीचा इतिहास अमेरिका, जपान, मेक्सिको आणि इंग्लंड एवढ्यावर लिहून संपायचा. गेल्या काही वर्षांत हे चित्रण बाहेर येऊ लागलं आणि तो इतिहास अपुरा होता हे उघड झालं. माझ्या दृष्टीने आपल्या काळातला हा कुस्तीतला सगळ्यांत मोठा शोध आहे.

सुरुवात ‘ल पेती प्रँस’पासून करा. खरं नाव दानिएल दुबाय. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली त्याची कामं बघा. अंगकाठी एखाद्या कॉलेजच्या पोराची. समोरच्याने त्याचा हात पिरगाळून धरला की तो आधी सरळ ताकदीने सोडवून बघतो, सुटत नाही. मग गुडघ्यातून खाली जातो, हाताच्या पिळाच्या दिशेनेच स्वतः फिरतो, कोलांटी घेऊन उभा राहतो, आणि हात पिळातून मोकळा होता होता समोरच्याचं मनगट याच्या हातात आलेलं असतं. उड्या मारणारे आज पुष्कळ आहेत. पण याच्या प्रत्येक कोलांटीला कारण आहे. हात पिरगाळला नसता तर ती कोलांटी झालीच नसती. हा फरक तुम्हाला दिसेल, कारण तुम्ही आयुष्यभर मुलांच्या वह्यांत उत्तराबरोबर रीतही तपासली आहे.

मिशेल सोल्निए बरोबर त्याची जोडी जमायची आणि समोर ‘ब्लुजाँ न्वार’ म्हणून काळ्या जाकिटातली दोन दांडगट पोरं असायची. त्या जोडीच्या कुस्त्यांत प्रेक्षकांकडेही लक्ष असू द्या. पहिल्या रांगेत चांगल्या घरच्या, टोपी घातलेल्या वयस्कर बायका उठून खलनायकावर ओरडताना दिसतात. जत्रेच्या फडातला आपला माणूस तिथे नेऊन बसवला तर त्याला परकं वाटणार नाही.

मग रने बेन शेमूल. प्रेक्षकांचा लाडका. समोरच्याच्या पोटाला पाऊल लावून, स्वतः पाठीवर पडत, त्याला डोक्यावरून पलीकडे भिरकावण्याचा त्याचा डाव फ्रान्समध्ये पोरासोरांना पाठ होता. त्याने तो डाव काढण्याआधीच लोक खुर्चीवरून उठलेले असतात. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये आलेला पांढऱ्या मुखवट्याचा ‘लाँज ब्लाँ’, म्हणजे पांढरा देवदूत, हा मात्र डावांपेक्षा रुबाबाचा मल्ल. त्याच्यासाठी लोक टीव्ही असलेल्या शेजाऱ्याकडे जमायचे हे खरं, पण मला विचाराल तर त्याच्याआधी बेन शेमूल बघा. रॉजर दलापोर्तही चुकवू नका. दुष्टाची भूमिका करणारा, पंचाच्या पाठीमागे मुठी चालवणारा आणि पॅरिसच्या एलिझे मोंमार्त्र सभागृहातून स्वतः कुस्त्या भरवणारा माणूस. पंच वळला की हात लगेच मागे आणि चेहऱ्यावर सालस भाव. तो संवाद न बोलता प्रहसन करतो आणि तरी एक क्षणही कुस्ती थांबत नाही.

आता आंद्रे. आंद्रे रुसिमॉफ, जन्म १९४६, पॅरिसच्या पूर्वेला कुलोमिए इथला. शरीरातली वाढीची ग्रंथी थांबायलाच तयार नव्हती, ॲक्रोमेगली नावाचा तो आजार. तुम्ही कॅसेटवर पाहिला तो शेवटच्या वर्षांतला. १९८६ मध्ये त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती. १९८७ मध्ये मिशिगनमधल्या पॉन्टिॲकच्या बंदिस्त स्टेडियममध्ये तो हल्क होगनसमोर उभा राहिला तेव्हा दोरांना धरल्याशिवाय त्याला धड उभंही राहवत नव्हतं, आणि तरीही त्याने होगनला ती लढत मोठी करून दिली. १९९३ मध्ये वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी तो पॅरिसला आला होता, तिथेच गेला.

फ्रेंच चित्रणातला आंद्रे विशीच्या आसपासचा आहे, ‘ज्याँ फेरे’ या नावाने लढणारा. बारीक कंबर, लांब हात, कुरळे केस. तो धावतो. दोन्ही पाय उचलून समोरच्याच्या छातीवर लाथ मारतो आणि पाठीवर पडून लगेच उठतो. पण मला त्याहून आवडतं ते वेगळंच. समोरचा त्याच्या खांद्याएवढा आहे, आणि हा त्याच्याशी हात धरून डाव-पेच खेळतो, खाली वाकतो, त्याला पकड घेऊ देतो, आणि मग सहज ताठ उभा राहतो. तेवढ्यानेच पकड घेतलेल्याचे पाय जमिनीवरून सुटतात. राक्षसासारखं वागायला त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही. तो कुस्ती करतोय. त्याला नाव कशाने मिळालं असं तुम्ही विचारलंत. ज्यांनी त्याला सत्तरच्या दशकात प्रत्यक्ष पाहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर हा माणूस होता, गुरुजी. आपल्या वाट्याला त्याचं थकलेलं शरीर आलं. ही रिळं सापडली नसती तर पुढच्या पिढ्यांनी तेवढंच खरं मानलं असतं.

काका, मी मॅटवर खेळते, जिल्ह्यापर्यंत गेले आहे. आमचे सर म्हणतात व्यावसायिक कुस्ती बघून खेळ बिघडतो. मी त्यातून काही शिकू शकते का?
— एक मुलगी, कागल

सरांचं ऐक. स्पर्धेच्या वर्षात तंत्र सरांकडूनच घ्यायचं. पण सुट्टीत, सरांना सांगून, एक चित्रण जरूर बघ: लू थेझ विरुद्ध व्हर्न गॅन्ये, शिकागो, २५ जानेवारी १९५२. एक तास चालली आणि बरोबरीत सुटली.

गॅन्ये तुझ्याच वाटेने आलेला. मिनेसोटा विद्यापीठाचा मल्ल, १९४८ आणि १९४९ ला अमेरिकेचा महाविद्यालयीन विजेता, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी राखीव म्हणून निवडलेला. म्हणजे आपले खाशाबा जाधव ज्या ऑलिंपिकला पहिल्यांदा गेले, तेच. थेझ त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, तेव्हा जागतिक विजेता. हाच थेझ पुढे १९६८ मध्ये मुंबईत दारासिंगांशी लढला.

त्यात मोठे डाव शोधू नकोस. थेझने गॅन्येचं डोकं बगलेत धरून त्याला खाली बसवलंय आणि मिनिटभर काहीच घडत नाहीये असं वाटेल, तिथे थांब. तू त्या वेळी थेझच्या कमरेकडे बघ. गॅन्ये ज्या बाजूला पाय सरकवतो त्याच्या उलट बाजूला थेझची कंबर आधीच गेलेली असते. डोळे भलतीकडे, चेहरा शांत, पण कंबर जागी. मग गॅन्येचं बघ: तो एकाच बाजूने तीनदा प्रयत्न करतो, थेझला तिकडे वजन टाकायची सवय लावतो आणि मग दुसऱ्या बाजूने उठतो. वरून धरलं गेल्यावर घाबरून ताकद संपवणारी पोरं मी तालमीत फार पाहिली. खाली असताना डोकं चालू ठेवायचं ते इथे दिसतं. आवाज बंद करून बघ, समालोचकाचं बोलणं लक्ष वेधून घेतं.

आणि जिल्ह्याच्या पुढचा निकाल मला कळव.

एवढी लोकप्रिय गोष्ट होती तर त्याची चित्रणं इतकी कमी का उरली?
— एक वाचक, ठाणे

कारण ती लोकप्रिय होती, पण कुणाला प्रतिष्ठेची वाटत नव्हती. नाटक, भाषण, संगीत जपायचं. कुस्ती काय, पुढच्या शनिवारी नवी आहेच.

पन्नासच्या दशकात टीव्हीचा कार्यक्रम साठवायचा म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्रण करायचं. त्याला किनेस्कोप म्हणायचे. थेझ-गॅन्ये आपल्यापर्यंत आली ती अशीच. त्यामुळे चित्र मऊ, कडा काळवंडलेल्या. १९५६ मध्ये व्हिडिओ टेप आली, पण ती इतकी महाग की तीच पुसून पुन्हा वापरायचे. आणि काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते. माझा सगळा नोकरीचा काळ मुंबईच्या एका फिल्म लॅबमध्ये गेला. जुनी फिल्म भंगारात घेऊन चांदी काढणारे तिथे दारात यायचे. त्यांना त्यावर काय आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, वजन तेवढं विचारायचे.

अमेरिकेचं ड्यूमाँट नेटवर्क दर शनिवारी रात्री शिकागोच्या मॅरिगोल्ड एरिनातून कुस्ती दाखवायचं, १९४९ पासून १९५५ पर्यंत. ते नेटवर्क १९५६ मध्ये बंद पडलं. अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढे साक्ष दिली की ड्यूमाँटचा उरलेला साठा सत्तरच्या दशकात तीन ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत टाकून देण्यात आला. तीन ट्रक! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. त्यात कुस्तीची किती रिळं गेली असतील ते आता मोजायला कुणी नाही. जे उरलं ते प्रवर्तकांच्या गोदामात, स्थानिक केंद्रांच्या माळ्यावर, कुणा हौशी माणसाच्या घरी पडून राहिलं म्हणून उरलं.

वडिलांच्या ट्रंकेत आठ मिलिमीटरच्या फिल्मचा डबा सापडला. मामा जहाजावर नोकरीला होते, त्यांनी सत्तरच्या दशकात गावच्या जत्रेतल्या कुस्त्या चित्रित केल्या होत्या असं आई सांगते. डबा उघडल्यावर आंबूस वास येतो. शेजाऱ्यांकडे जुना प्रोजेक्टर आहे. लावून बघावी का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

नाही. कृपा करून प्रोजेक्टरला लावू नका. तुमचं पत्र वाचून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली आणि याचं उत्तर आधी लिहायला घेतलं.

तो आंबूस वास ॲसिटिक ॲसिडचा आहे. फिल्मचा पारदर्शक पट्टा ॲसिटेटचा असतो. ओल आणि उष्णता लागली की तो विघटित होऊ लागतो, आकसतो, वाकडा होतो. आकसलेल्या पट्ट्याची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत. पहिल्या दहा फुटांतच फाटत जाईल. तिथे जो कुणी सलामी देतोय तो कायमचा गेला.

फिल्म आधी त्या गंजक्या डब्यातून बाहेर काढा. हात कोरडे हवेत, सुती मोजे असतील तर उत्तम. कडेनेच धरायची. दुसऱ्या चांगल्या फिल्म घरात असतील तर त्यांच्यापासून लांब ठेवा, कारण ही वाफ त्यांनाही लागते. हवाबंद पिशवीत कोंडू नका. वाफ बाहेर पडायला हवी. पुठ्ठ्याच्या कोऱ्या खोक्यात, घरातल्या सगळ्यांत थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पत्र्याखालचा माळा नको आणि पावसाळ्यात भिंतीला लागून तर मुळीच नको. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर पुसायला जाऊ नका, पाणी तर अजिबात लावू नका.

मग स्कॅनिंग. चित्र भिंतीवर पाडून मोबाइलने टिपून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. एकेक चौकट स्वतंत्र टिपणारा, दात्यांशिवाय फिल्म पुढे सरकवणारा स्कॅनर हवा. देण्याआधी ‘आकसलेली फिल्म घेता का’ असं स्पष्ट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर डबा घेऊन परत या. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला पत्र लिहून सल्ला विचारा. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ फिल्म टाकू नका.

फ्रान्सचं चित्रण सरकारने जपलं म्हणून दुबाय आणि तरुण आंद्रे आज दिसतात. आपल्या जत्रांच्या फडांचं काम तुमच्या मामांसारख्या माणसांनी केलं असेल तर केलं असेल. हलगीचा आवाज त्यात नसेल, पण कोण कसा पट काढायचा, खडाखडी किती वेळ चालायची, पंच कुठे उभे राहायचे, ते असेल. आई आहेत तोवर त्यांना विचारा: जत्रा कोणत्या देवाची, कोणत्या महिन्यात, त्या वर्षी मोठी जोड कुणाची लागली होती. गावातल्या जुन्या पैलवानांनाही विचारा, आणि सांगितलेली नावं ज्याने सांगितली त्याच्या नावासकट वहीत उतरवून ठेवा.

एक काम माझ्यासाठी करा. फिल्मचं सुरुवातीचं वीतभर टोक उजेडासमोर धरून कडेला बघा. पट्ट्याची छिद्रं बारीक आयताकृती असतील तर ती सुपर आठ, म्हणजे १९६५ नंतरची. कडेवर कोडॅकचं नाव आणि शेजारी चौकोन, गोल, त्रिकोण अशी बारीक चिन्हं दिसली तर ती आहेत त्या क्रमाने कागदावर काढून मला पाठवा. त्यावरून फिल्म कारखान्यात कधी तयार झाली असेल ते वर्ष मी तुम्हाला कळवतो. तीच चिन्हं वीस वर्षांनी पुन्हा येतात, पण सुपर आठ असेल तर त्यातलं कोणतं वर्ष आपलं ते ठरवणं अवघड जाणार नाही.